विद्यालयीन ध्वनिक्षेपण : साधनांची निवड आणि उच्चाराची कसोटी

माध्यमिक विद्यालयातील विद्यार्थ्यांनी चालवावयाच्या ध्वनिक्षेपण-उपक्रमाची सिद्धता करताना प्रथम यंत्रांची यादी करण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : या यंत्रांतून कोणाची भाषा जावयाची आहे? शिरपूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. मुंबई-आग्रा महामार्गावरील या तालुक्याच्या गावी वर्गात प्रमाण मराठी ऐकणारी अनेक मुले घरी अहिराणी बोलतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडील पाड्यांतून येणारी पावरी. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांसमवेत (१९०७) केला होता. पुढे २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी झाली आहे.

लिपी आणि उच्चार यांतील अंतर येथे लक्षात घेतले पाहिजे. 'जरा' या शब्दाचा एक अर्थ वार्धक्य आणि दुसरा थोडेसे; लेखन एकच, परंतु पहिल्यातील 'ज' तालव्य, तर दुसऱ्यातील दंत्य. हा भेद मुख्यतः उच्चारातील घर्षणाच्या कंपनसंख्येवर अवलंबून असतो. दंत्य घर्षणाचा भर सामान्यतः पाच ते आठ हजार कंपनांच्या पट्ट्यात, तर तालव्याचा त्याहून बराच खाली असतो. जुन्या दूरध्वनीची मर्यादा साधारण ३०० ते ३४०० कंपनांची असल्याने तेथे असे भेद पुसट होतात. 'डोळा' हा शब्द 'डोया' असा उच्चारणाऱ्या मुलाचे बोलणे लिहून घेता येते. परंतु त्याचा हेल, स्वरांची लांबी आणि महाप्राणांतील श्वास कागदावर उतरत नाहीत. जे लिपीत उतरत नाही ते टिकविणे ही साधनांची खरी कसोटी होय.

या कसोटीने पाहिल्यास पहिला खर्च यंत्रावर नव्हे, तर खोलीवर व्हावयास हवा. उघड्या भिंतींच्या रिकाम्या वर्गात एका स्वराचा प्रतिध्वनी पुढील व्यंजनावर येऊन पडतो आणि ते व्यंजन झाकोळून जाते. महामार्गापासून दूरची लहान खोली निवडून भिंतींपासून थोडे अंतर सोडून जाड गोधड्या टांगल्यास हा दोष पुष्कळसा कमी होतो. पंखा बंद ठेवणे अपरिहार्य असल्यामुळे उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण सकाळीच उरकावे.

त्यानंतर ध्वनिग्राहक, म्हणजेच माईक. कंडेन्सर जातीचा माईक सूक्ष्म ध्वनी उत्तम टिपतो; परंतु त्यास बहुधा ४८ व्होल्टचा विद्युत्पुरवठा लागतो आणि तो खोलीतील गोंगाटही तितक्याच तत्परतेने टिपतो. मुख्यतः समोरचा आवाज घेणारा डायनॅमिक माईक मुलांच्या हाताळणीस अधिक टिकाऊ ठरतो. तो तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूस असावा. म्हणजे 'फ', 'भ' यांचा श्वास त्यावर आदळत नाही. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबेलने घटतो, खोलीचा नाद मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून माईकची जागा ही त्याच्या किमतीइतकीच महत्त्वाची असते.

ध्वनिमुद्रण सेकंदास ४८,००० नमुने आणि २४ बिट या मानाने, एकाच मार्गिकेत करावे. अशा एका तासास सुमारे अर्धा गिगाबाइट जागा लागते. संक्षिप्त स्वरूपातील प्रत ऐकविण्यापुरती असावी. मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपावे. वीज जाण्याची शक्यता असेल तेथे बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे.

ऐकविण्यासाठी मैदानावरील एकच भोंगा पुरेसा वाटतो. परंतु भोंग्यात खालचे आणि वरचे ध्वनी मंदावतात. वर्गावर्गांतून मंद आवाजात चालणारे लहान स्पीकर उच्चाराशी अधिक प्रामाणिक राहतात.

प्रक्षेपक सर्वांत शेवटी. शाळेच्या आवारात तारेने आवाज पोचविण्यास प्रसारण-परवान्याची आवश्यकता नसते. आकाशमार्गे प्रसारणास मात्र केंद्र शासनाची अनुमती लागते. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी केली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही ही संधी मिळाली. अशा केंद्रांची प्रभावी शक्ती सामान्यतः १०० वॅटपुरती मर्यादित असते. परंतु चांगल्या मुद्रणावाचून प्रक्षेपक घेणे म्हणजे अस्पष्ट बोलणे दूरवर पोचविणे होय.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेव आणि इतर आप्तांनी उतरवून ठेवल्यामुळे त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. खानदेशाला शब्द लाभले; शब्दांमागील कंठ कागदाला धरता येण्यासारखा नव्हता. आज शिरपूरचा एखादा विद्यार्थी आपल्या आजीची अहिराणी वा पावरी कथा कार्यक्रमासाठी मुद्रित करील, तेव्हा तिची संमती, गाव आणि दिनांक आरंभीच नोंदविल्यास ते मुद्रण उद्याच्या अभ्यासकासही उपयोगी पडेल. शिवाय, आपल्या घरची बोली शाळेच्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आलेले मूल ती बोली अशुद्ध समजण्यास सहजासहजी धजावणार नाही. साधनांवरील खर्चाचे मोल या दोन फलांवरून ठरवावे.