ड्यूक एलिंग्टन ऐकताना

आमच्या मंडळात नाट्यगीतांच्या बैठकीला जितकी माणसं येतात त्याच्या निम्मीही जॅझ ऐकायला येत नाहीत, याची आम्हाला पुरेपूर कल्पना आहे. तरीही आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षं ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्डी एकत्र बसून ऐकतो. येताजाता सभासद विचारतात, "त्या गलक्यात तुम्ही नेमकं ऐकता तरी काय?" प्रश्न रास्त आहे. आम्हालाही पहिली दोन-तीन वर्षं नीट उत्तर देता येत नव्हतं. आता थोडंफार देता येईल असं वाटतं, म्हणून हा लेख.

चरित्र थोडक्यात सांगून टाकतो. एडवर्ड केनेडी एलिंग्टनचा जन्म 29 एप्रिल 1899 रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. लहानपणीच्या ऐटबाज राहणीमुळे मित्रांनी 'ड्यूक' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचं चिकटलं. 1927 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कॉटन क्लबमध्ये त्याचा बँड लागला. तिथे वाजवणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय आणि पैसे देऊन बसणारे सगळे गोरे, असा प्रकार होता. तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे त्याचं नाव देशभर झालं. पुढे दक्षिणेकडच्या दौऱ्यांत हॉटेलं खोल्या देत नसत, म्हणून बँड स्वतंत्र रेल्वेचे डबे भाड्याने घेऊन त्यांतच झोपत असे. 24 मे 1974 ला तो गेला, तोवर म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं त्याने बँड मोडला नाही. मोठे बँड चालवणं परवडेनासं झालं तेव्हा स्वतःच्या गाण्यांच्या मानधनाचे पैसे त्यात ओतून चालवला. कारण काय, तर रात्री लिहिलेलं दुसऱ्या दिवशी कानांनी ऐकता यावं. कर्ज डोक्यावर घेऊन नाटक कंपनी चालवणारे बालगंधर्व ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही.

आता ऐकायचं काय, ते.

बहुतेक पाश्चात्त्य रचनाकार वाद्यासाठी लिहितात. कागदावर 'पहिला ट्रम्पेट', 'दुसरा ट्रम्पेट' असं असतं, आणि त्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी चालतं. एलिंग्टनच्या हस्तलिखितांत माणसांची नावं आणि टोपणनावं सापडतात. तो ट्रम्पेटसाठी लिहीत नसे, कूटी विल्यम्ससाठी लिहीत असे. भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली 'स्वयंवर'च्या चाली दिल्या त्या काही 'कोणत्याही स्त्रीपार्टी नटासाठी' दिल्या नव्हत्या, त्या एका विशिष्ट गळ्यासाठी होत्या. तसंच हे. फक्त इथे गळे पंधरा, आणि सगळे एकाच वेळी.

1930 चं 'मूड इंडिगो' घ्या. सुरुवातीला तीनच वाद्यं आहेत: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे क्लॅरिनेट सगळ्यांत वर, ट्रम्पेट मध्ये आणि ट्रॉम्बोन खाली असायला हवा. एलिंग्टनने ते उलटंपालटं केलं. ट्रम्पेटला तोंडाशी अडसर लावून वर ठेवला, ट्रॉम्बोनला त्याच्या अगदी वरच्या पट्टीत नेऊन ट्रम्पेटच्या खाली चिकटवला, आणि क्लॅरिनेटला खर्जात उतरवला. तिन्ही वाद्यं ओळखीची, पण तिघांचा मिळून येणारा आवाज कुठल्या वाद्याचा आहे ते कळत नाही. आमच्यातल्या एकाला पहिल्यांदा ऐकताना तो पायपेटीचा वाटला होता. एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या रचनेच्या सुरावटीत क्लॅरिनेटवाल्या बार्नी बिगार्डचा मोठा वाटा होता आणि त्याचं नाव बऱ्याच वर्षांनी लागलं. वादकांच्या हातून निघालेली एखादी सुरावट उचलायची आणि तिची रचना करायची, ही एलिंग्टनची पद्धतच होती. त्यात कोणाचं किती, हा वाद त्याच्या बँडमध्ये कायम धुमसत राहिला.

त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपायची. आपल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांनाही हीच मर्यादा होती. घाईघाईत तान संपवून शेवटी स्वतःचं नाव सांगणाऱ्या गायिका आपण ऐकलेल्याच आहेत. एलिंग्टनने मात्र या तीन मिनिटांना घर मानलं. 1940 सालचं 'को-को' ऐका, त्याच वर्षीचं 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' ऐका. दुसऱ्यात कूटी विल्यम्स एकटा जवळजवळ पूर्ण वेळ वाजवतो. कधी मोकळा, कधी अडसर लावून, आणि कधी प्लंजरने गुरगुरत. प्लंजर म्हणजे मोरी तुंबली की आपण वापरतो ती रबरी वाटी, दांडा काढलेली. ती डाव्या हाताने ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप करत वाजवलं की वाद्य बोलू लागतं, कुरकुरतं, रडतं. हे तंत्र या बँडमध्ये बबर मायली आणि 'ट्रिकी सॅम' नॅन्टन यांनी आणलं, कूटीला ते मायलीच्या जागेवर आल्यावर शिकावं लागलं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कूटी बँड सोडून बेनी गुडमनकडे गेला. मग त्याच्या नावाची ती रचना कोण वाजवणार? वाजवता येईलही, पण ती तीच राहील का? एलिंग्टनने तिच्यातली धून काढून तिच्यावर शब्द बसवू दिले आणि तिचं वेगळं गाणं झालं. कूटी परतला तो 1962 मध्ये, बावीस वर्षांनी.

याच सुमाराची एक रेकॉर्ड आमच्या खास आवडीची आहे, आणि ती केली चाहत्यांनी. 7 नोव्हेंबर 1940 रोजी नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावात नाचाच्या कार्यक्रमाला बँड आला होता. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी परवानगी काढली, तबकडी कोरायचं यंत्र आणून स्टेजजवळ मांडलं आणि रात्रभर ध्वनिमुद्रण केलं. काही गाणी मध्येच तुटतात. पण स्टुडिओत तीन मिनिटांत आवरणारा हा बँड प्रत्यक्षात कसा मोकळा सुटायचा, ते यातच कळतं. बेन वेबस्टरचं 'स्टारडस्ट' ऐकल्याशिवाय ही रेकॉर्ड बाजूला ठेवू नका.

जॉनी हॉजेसबद्दल आम्ही कितीही लिहू शकतो, म्हणून आवरतं घेतो. त्याचा आल्टो सॅक्सोफोन ऐकताना आपल्या मंडळींना पहिली गोष्ट जाणवते ती मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नाही, ओघळतो. चेहऱ्यावर मात्र रेषही हलत नाही. त्याची चित्रफीत पाहिलीत तर वाटेल की हा माणूस बसची वाट बघतो आहे.

आता बिली स्ट्रेहॉर्न. हा पिट्सबर्गचा तरुण 1938 च्या अखेरीस एलिंग्टनला भेटला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं त्याच्यासोबत राहिला. बँडची जगप्रसिद्ध ओळखधून 'टेक द ए ट्रेन' एलिंग्टनची आहे असं पुष्कळांना वाटतं, ती स्ट्रेहॉर्नची आहे. तिला ते स्थान मिळालं ते एका भांडणामुळे. 1941 च्या सुरुवातीला रेडिओ कंपन्या आणि रचनाकारांची संस्था यांच्यात मानधनावरून फाटलं आणि एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना रेडिओवर लावणं बंद झालं. स्ट्रेहॉर्न त्या संस्थेचा सभासद नव्हता, म्हणून त्याच्या आणि एलिंग्टनचा मुलगा मर्सर याच्या रचनांनी बँड चालू राहिला. स्ट्रेहॉर्न स्वतः मंचावर क्वचितच दिसे. तो समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. पडद्यामागे राहून त्याला आपल्या मनासारखं जगता आलं हे खरं, पण त्याची किंमत म्हणजे श्रेय. तो गेल्यावर कित्येक वर्षांनी वॉल्टर फान द ल्यूर या डच अभ्यासकाने हस्तलिखितांतली अक्षरं ताडून कोणती रचना कोणाची हे वेगळं काढलं, तेव्हा स्ट्रेहॉर्नचा वाटा किती मोठा होता ते स्पष्ट झालं. आमच्यात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, एलिंग्टनने त्याला जे दिलं ते दुसऱ्या कोणीच दिलं नसतं. दुसरा म्हणतो, नाव द्यायला काय लागत होतं?

यानंतर न्यूपोर्ट. 1956 पर्यंत एलिंग्टनचे दिवस संपले, असं बरेच जण धरून चालले होते. 7 जुलैच्या रात्री न्यूपोर्टच्या उत्सवात उशिरा बँडने 1937 ची जुनीच जोडरचना, 'डिमिन्युएन्डो अँड क्रेसेंडो इन ब्लू', वाजवायला घेतली. दोन भागांच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला दिली. ब्लूजचं एक आवर्तन बारा मोजमापांचं, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोके. गोन्साल्विसने अशी सत्तावीस आवर्तनं न थांबता वाजवली. सहा मिनिटांहून अधिक. श्रोते खुर्च्यांवर चढले, एक बाई उठून नाचू लागली, आणि आयोजकांना दंगल होईल की काय अशी धास्ती वाटली. पुढच्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन होता.

(गोन्साल्विस म्हटल्यावर आपल्याकडे लगेच "हा कुठल्या वाड्यावरचा?" असा प्रश्न येतो. आमच्याकडेही आलाच. तो गोव्याचा नव्हे. त्याचं कुटुंब आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरचं, जन्म मॅसॅच्युसेट्सचा. पोर्तुगीज आडनाव मात्र एकाच वाटेने दोन्हीकडे आलं.)

यातली मेख अशी, की त्या कार्यक्रमाची म्हणून जी रेकॉर्ड निघाली आणि गाजली, तिच्यातला बराच भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेला होता. सत्तावीस आवर्तनं खरी होती, पण गोन्साल्विस चुकून रेकॉर्ड कंपनीचा सोडून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला होता, त्यामुळे तो लांबून वाजवतोय असं ऐकू येतं. पुढे रेडिओची टेप सापडली आणि 1999 मध्ये दोन्ही मुद्रणं जुळवून पूर्ण कार्यक्रम निघाला. आम्ही जुन्या रेकॉर्डवर वाढलो, म्हणून आम्हाला ती जवळची. नव्याने ऐकणाऱ्यांनी 1999 चीच घ्यावी. गोन्साल्विस तिथे खोलीत उभा आहे.

भारताशी त्याचा संबंध 1963 चा. अमेरिकी परराष्ट्र खात्याने पाठवलेल्या दौऱ्यात बँड दमास्कसपासून निघून दिल्ली, कोलकाता, मुंबईपर्यंत आला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून इस्पितळात राहिला. तुर्कस्तानात असताना केनेडींच्या हत्येची बातमी आली आणि दौरा तिथेच संपला. या प्रवासावर एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्नने 'फार ईस्ट सुइट' लिहिली, ध्वनिमुद्रण डिसेंबर 1966 चं. नाव 'अतिपूर्वेचं' आणि बहुतेक तुकडे पश्चिम आशिया नि भारतावरचे, हा विनोद सोडून देऊ. इथल्या ताल-स्वरांची नक्कल करायची नाही, असं एलिंग्टनचं ठरलेलं होतं. त्यामुळे त्यात सतार-तबला शोधू नका. 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' मध्ये जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर पुन्हापुन्हा एक छोटी लकेर येते. ती स्ट्रेहॉर्नच्या दिल्लीतल्या खोलीबाहेर ओरडणाऱ्या मैनेची. 'आग्रा' हॅरी कार्नीच्या जाड, धिप्पाड बॅरिटोन सॅक्सोफोनसाठी आहे. सगळ्यांत गाजलेलं 'इस्फहान' मात्र दौऱ्याच्या आधीच लिहून झालं होतं, नाव नंतर बदललं.

पण आपल्या लोकांनी जॅझ ऐकायला 1963 ची वाट पाहिली नव्हती. 1930 च्या दशकात अमेरिकी कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून नोटेशन वाचू शकणारे वादक गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत मेस्ताच्या छडीखाली सोल्फा शिकलेले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. 1951 च्या 'अलबेला' मध्ये ते आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात, आणि त्या चित्रपटाचं संगीत आपल्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. त्यांच्या गाण्यांतले ट्रम्पेट कुठून आले असा प्रश्न पडला असेल, तर वाट ही.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर 1940 ते 1942 च्या तबकड्यांचा संच, मग न्यूपोर्ट, मग 'फार ईस्ट सुइट'. शेवटी 1967 ची '...अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल'. त्या वर्षीच्या 31 मे ला स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेला, आणि काही महिन्यांत एलिंग्टनने फक्त त्याच्याच रचनांची ही रेकॉर्ड केली. नाव कोणाचं, या आमच्या भांडणात दोन्ही तट इथे गप्प बसतात. मुद्रण संपल्यावर वादक वाद्यं पेटीत भरत होते, बोलत होते, आणि एलिंग्टन पियानोशी एकटाच बसून स्ट्रेहॉर्नचं 'लोटस ब्लॉसम' वाजवू लागला. यंत्र चालू होतं. मागे आवरासावरीचे आवाज ऐकू येतात, आणि मग हळूहळू ते थांबतात.

ज्यांच्या घरी जुन्या 78 च्या तबकड्या पडून आहेत त्यांनी त्या भंगारात देण्याआधी आम्हाला एकदा दाखवाव्यात. आणि कृपा करून त्या स्पिरिटने पुसू नका, लाखेच्या तबकडीवर स्पिरिट पडलं की ती विरघळते.