प्रोलॉगची फाइल लोड होते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रोलॉग शिकताना आपण युनिफिकेशन, बॅकट्रॅकिंग, कट वगैरे मन लावून वाचतो. फाइल लोड करायची ती एक ओळ मात्र सहसा कुणी समजावून सांगत नाही. चौकोनी कंसात फाइलचं नाव, पुढे पूर्णविराम, एंटर. 'ट्रू' आलं की आपण पुढे. पण प्रयोगाचे निकाल गुपचूप बिघडू शकतात ते याच ओळीपाशी.

थोडा इतिहास. १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये कोलमेरॉअर आणि रूसेल यांनी प्रोलॉग घडवली, ती इंटरप्रिटरवर चालायची. १९७७ मध्ये एडिंबरात डेव्हिड वॉरन यांनी डेक-१० या यंत्रासाठी कंपायलर तयार केला आणि दोन वाटा झाल्या: 'कन्सल्ट' केलेले नियम इंटरप्रिटर चालवणार, 'कंपाइल' केलेल्यांचा मशीन कोड होणार. जुन्या पुस्तकांत 'रीकन्सल्ट'ही भेटेल. त्या काळी तीच फाइल पुन्हा कन्सल्ट केली की तेच नियम मागे परत जोडले जायचे, म्हणून ही वेगळी आज्ञा.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये आज हा भेद उरलेला नाही. कन्सल्ट म्हटलं तरी प्रत्येक क्लॉज वाचून व्हर्च्युअल मशीनच्या कोडमध्ये कंपाइल होतो. फाइल पुन्हा लोड केली की त्या फाइलमधून आलेले जुने क्लॉज जाऊन नवे बसतात. 'मेक' ही आज्ञा तर बदललेल्या फाइली स्वतःच हुडकून पुन्हा लोड करते.

'त्या फाइलमधून आलेले' हे शब्द नीट लक्षात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

समजा पहिल्या फाइलमध्ये रस्ता(पुणे, सातारा) आणि रस्ता(सातारा, कराड) आहे. (हो, देवनागरी नावं चालतात. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नसल्यामुळे व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोर लावावा लागतो, एवढंच.) दुसऱ्या फाइलमध्ये रस्ता(कराड, कोल्हापूर) लिहिलं आणि दोन्ही फाइली मॉड्यूल न करता लागोपाठ लोड केल्या. आपल्याला वाटतं तीन रस्ते झाले. प्रत्यक्षात दुसरी फाइल पहिलीची व्याख्या पुसून टाकते आणि एकच उरतो. आता पुणे ते सातारा विचारा, उत्तर 'फॉल्स'. एरर नाही! प्रेडिकेट अस्तित्वात आहे, फक्त ते सिद्ध होत नाही, म्हणून प्रोलॉगच्या दृष्टीने हे रीतसर उत्तर झालं. लोड करताना 'रीडिफाइन्ड' अशी वॉर्निंग आलेली असते, पण ती वाचतो कोण? प्रेडिकेट खरंच अनेक फाइलींत पसरवायचं असेल, तर त्या प्रत्येक फाइलमध्ये 'मल्टिफाइल' जाहीर करा.

दुसरी गोष्ट याच्या उलट. प्रोग्रॅम चालू असताना 'असर्ट'ने घातलेली तथ्यं कुठल्याच फाइलची नसतात. त्यामुळे 'मेक' केलं तरी ती तशीच राहतात. नियम दुरुस्त केला, मेक केलं, प्रयोग पुन्हा चालवला, की आधीच्या खेपेचे निकाल आणि नवे निकाल एकाच डायनॅमिक प्रेडिकेटमध्ये शेजारी शेजारी. मोजणी दुप्पट आली तर निदान शंका तरी येते. सरासरी काढलीत तर तीही येणार नाही. म्हणून नियम सुधारताना मेक खुशाल वापरा, पण पेपरमध्ये जाणारा आकडा मात्र नवीन प्रोसेस सुरू करून, रिकाम्या डेटाबेसवरच काढा.

आणि डायरेक्टिव्ह. फाइल वरून खाली वाचली जाते आणि डायरेक्टिव्ह जिथे आला तिथल्या तिथे चालतो. खाली लिहिलेले नियम तेव्हा अजून लोडच झालेले नसतात. प्रयोग सुरू करणारी ओळ फाइलच्या मध्यावर असेल, तर तो अर्ध्या नियमांवर चालेल. 'इनिशियलायझेशन' डायरेक्टिव्हमध्ये दिलेलं गोल फाइल पूर्ण लोड झाल्यावर चालतं, तेव्हा ती ओळ त्यात टाका.

शंका आली की 'लिस्टिंग' करून बघा. डेटाबेसमध्ये या क्षणी खरोखर काय आहे ते तिथे दिसतं, आणि ते एडिटरमध्ये उघडलेल्या फाइलसारखंच असेल असं नाही.