सही माझीच होती!

विम्याचा एजंट जिना चढताना दिसला की पुण्यातली माणसे काय करतात, ते मी तुम्हाला सांगायला हवे असे नाही. तुम्हीही कधी ना कधी ते केलेले असेल. खिडकीचा पडदा सरकतो, टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि "ते घरी नाहीत" हे वाक्य आतून खुद्द 'त्यांच्याच' आवाजात ऐकू येते. तीस वर्षे मी तो आवाज ऐकत आलो. त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो ज्यांनी दार उघडले, बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि विमाही घेतला, त्या मंडळींचा!

एका प्राध्यापकांची गोष्ट सांगतो. आयुष्यभर त्यांनी पोरांना बजावले, की प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा, मग पेन उचला. त्यांच्याकडे मी एकदा नामनिर्देशन बदलायला गेलो, तर पॉलिसीचे पाकीट अकरा वर्षे फोडलेलेच नव्हते. ज्या कपाटात होते त्याची किल्लीही सापडेना. दुसरे एक गृहस्थ दरवर्षी हप्ता चुकवीत आणि दरवर्षी मलाच विचारीत, "तुम्ही आठवण का नाही केलीत?" मुलीच्या लग्नाची तारीख मात्र त्यांना कुणी आठवण न करता ठाऊक होती. आणि तिसरा वर्ग तर तुमच्या चांगल्या परिचयाचा असेल: "पहिल्या हप्त्यातले तुमचे कमिशन आम्हाला द्या, तरच सही करतो." विमा कायद्याच्या ४१व्या कलमानुसार अशी सूट देणे हा जसा गुन्हा आहे तसाच ती घेणे हाही आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्याचा दंड दहा लाखांपर्यंत नेऊन ठेवला आहे. हे मी सांगितले की समोरचा हसून म्हणे, "अहो, कोण बघतंय?"

आमच्या वडिलांच्या पिढीचे असे नव्हते. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यापूर्वी देशात दोनशेंवर विमा कंपन्या आणि संस्था होत्या. सातारच्या वेस्टर्न इंडियासारख्या काही नावाजलेल्या, तर काही केव्हा दिवे मालवतील याचा नेम नसलेल्या. त्यामुळे जुना माणूस एजंटाला दहा प्रश्न विचारून भंडावून सोडी. राष्ट्रीयीकरणानंतर कंपनी बुडण्याची चिंता गेली, हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही गेली असे मला वाटते. "तुम्ही म्हणता ना? मग कुठे सही करू ते दाखवा!" हे वाक्य ऐकताना मला तेव्हा आपल्यावरच्या विश्वासाचा अभिमान वाटे.

असेच २०१४ साली आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीतले, समोरच्याच बिऱ्हाडातले गृहस्थ म्हणाले होते. आजारपणाचा विमा घ्यायचा होता. प्रश्नांची यादी लांबलचक. मी आपला भराभरा लिहीत होतो. मध्येच ते म्हणाले, "थोडी साखर आहे बरं का मला. लिहायला हवी का?"

"गोळ्या चालू आहेत?"

"सध्या पथ्यावर भागतंय."

"मग राहू द्या."

एवढाच संवाद. मी 'नाही' लिहिले, खाली फुली मारून दाखविली, त्यांनी सही केली. वहिनींनी पोहे आणून ठेवले.

दोन वर्षांनी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. बिल तीन लाख ऐंशी हजार. इस्पितळाच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत 'मधुमेह, आठ वर्षे' असे लिहिलेले. कंपनीने तो कागद पाहिला, माझा अर्ज पाहिला आणि दावा नाकारला. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे आणि वहिनींच्या पाटल्या त्या बिलात गेल्या. बरे होऊन आल्यावर ते माझ्या दारात येऊन ओरडले. सारी इमारत ऐकत होती. मीही आवाज चढवून म्हणालो, "वाचल्याशिवाय केलीत कशाला? सही तुमची आहे!"

ते गप्प झाले. त्यांच्यामागे वहिनी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सही यांची आहे, भावजी. पण अक्षर तुमचं आहे ना?"

त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. मी मनाची समजूत घातली की कायदा माझ्या बाजूने आहे. पुढे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलेही, की अर्ज दुसऱ्याने भरला, आपण न वाचता सही केली, ही सबब अर्जदाराला चालणार नाही. (त्याच न्यायालयाने २०१५ साली असाही निकाल दिला आहे, की लपविलेल्या दुखण्याचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नसेल तर तेवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. पण साखर आणि हृदय यांचा संबंध नाही असे कोण म्हणेल?)

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाकडे वळतो. एका दुपारी फोन आला. गोड आवाजाची मुलगी. "काका, आपल्यासाठी जन्मभर मोफत क्रेडिट कार्ड!" जन्मभर म्हणजे कुणाच्या, हे विचारायचे राहिले. मुलगा येऊन चार कागदांवर सह्या घेऊन गेला. अक्षर एवढे बारीक, की चष्म्यावर भिंग धरावे लागले असते. मी विचारले, "सही कुठे करायची?"

न मागता उधारी घरपोच करण्याचा हा धंदा आजचा नाही. १९५८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या फ्रेस्नो गावी बँक ऑफ अमेरिकेने सुमारे साठ हजार लोकांना, त्यांनी मागितले नसताना, टपालाने कार्डे पाठवून दिली. पुष्कळांनी पैसे बुडविले, चोरांनी कार्डे पळविली आणि बँकेला मोठी खोट बसली. तरी तो प्रयोग बंद झाला नाही, जगभर पसरला. न मागितलेली कार्डे पाठविण्याला मात्र १९७० साली तिथे कायद्याने बंदी झाली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले, तेव्हा आमच्यासारख्यांना ते विमानाने फिरणाऱ्यांचे वाटले होते. २०१७ च्या दिवाळीत त्याच कार्डावर मी लक्ष्मी रोडवरून बेचाळीस हजारांचा फ्रिज घरी आणला.

बिल आले. त्यावर ठळक अक्षरांत 'मिनिमम अमाउंट ड्यू: २,१००'. मी आमच्या हिला म्हणालो, "बघ, एकवीसशेचा सोपा हप्ता करून दिलाय!" ते भरले. पुढच्या महिन्याचे बिल पाहतो तो आकडा बेचाळीस हजारांच्या वर गेलेला! चूक असेल म्हणून पुन्हा एकवीसशे भरले. असे सहा महिने. १२,६०० रुपये भरून झाले, तरी बिलावर चाळीस हजारांहून मोठा आकडा उभाच.

हिशेब अखेर सूनबाईंनी पाटीवर मांडावा तसा मांडून दाखविला. किमान रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. पठाणसुद्धा लाजेल! तेही बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून. बेचाळीस हजारांवर महिन्याचे १,४७०. त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, २६५. एकवीसशेंतून हे वजा जाता उरले ३६५ रुपये. तेवढेच काय ते कर्ज फिटणार. शिवाय जुनी बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीची बिनव्याजी सवलतही जाते. म्हणजे त्या सहा महिन्यांत कार्डावर आणलेल्या तुरीच्या डाळीलासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागत होते. आणि बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ: अपघात विम्याचे दरमहा १४९ रुपये. विम्याच्या एजंटाला न विचारता विमा विकला होता!

मी संतापून फोन लावला. मराठीसाठी हा आकडा दाबा, कार्डासाठी तो दाबा, मग सनई, मग पुन्हा पहिल्यापासून. चाळीस मिनिटांनी एक माणूस मिळाला. मी तीस वर्षांची एजंटकी पणाला लावून भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, अटी वाचूनच आपण सही केली आहे ना? सही आपलीच आहे."

फोन ठेवला आणि समोरच्या बंद दाराकडे पाहिले. हेच वाक्य, हाच स्वर.

राग ओसरल्यावर मी दोन कागद केले. न विचारता लावलेल्या विम्याबद्दल कंपनीला लेखी तक्रार. ती चूक तिची होती. तिने सारे १४९ परत केले. फ्रिजचे व्याज मात्र माझे. एक मुदत ठेव मोडली आणि बाकी एकरकमी चुकती केली. तक्रार करायला आम्हा पुणेकरांना शिकवावे लागत नाही असे लोक म्हणतात. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ साली इथेच उभी केली, ग्राहकाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला. पण तक्रार कशाची करायची आणि पदरचे कशाचे भरायचे, हे निवडताना मला सहा महिने आणि सूनबाईची मदत लागली.

दुसरा कागद अवघड होता. मी लिहिले: 'अर्जदाराने मधुमेहाची माहिती मला तोंडी दिली होती. ती अर्जात लिहिली नाही, हे माझे कृत्य आहे.' खाली सही, तारीख, परवान्याचा क्रमांक. यामुळे परवाना जाऊ शकतो हे ठाऊक होते. विमा लोकपालाचे कार्यालय तर आमच्याजवळ, नारायण पेठेत होते. तक्रारीला पैसा लागत नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ते वर्ष मी तोंड मिटून घालविले होते. जिल्हा ग्राहक मंचाची दोन वर्षांची मुदत तेवढी काही महिने शिल्लक होती.

कागद घेऊन मी समोर गेलो. दार वहिनींनी उघडले. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि आत नेला. आतून काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी त्या कागद परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे म्हणतात, सही माझी होती आणि मला वाचता येत होतं. कोर्टकचेरी करायची नाही." मी तो कागद अजून जपून ठेवला आहे.

आज कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूला पुष्कळ सरकला आहे, हेही सांगायला हवे. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी तीन वर्षांहून जास्त थांबवता येत नाही, आणि आजारपणाचा विमा पाच वर्षे सलग चालला की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती लपविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती पडल्यावर न पटल्यास परत करायला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत पाकीट तेवढे फोडावे! कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला, की न मागता कार्ड दिले आणि त्याचे पैसे लावले तर ते परत करून वर दुप्पट दंड द्यायचा. आणि बाकी चुकती केलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करा म्हटल्यावर कामाच्या सात दिवसांत झाले नाही, तर दिवसाला पाचशे रुपये द्यायचे. त्याआधी २०१७ च्या परिपत्रकात तर जबाबदारीची वाटणीच आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण आपणच फोनवरच्या भामट्याला ओटीपी सांगितला, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान आपले. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांना हे समजावताना ते म्हणाले, "पण तो फार अदबीने बोलत होता हो!"

मी आता अर्ज स्वतः भरत नाही. प्रश्न मोठ्याने वाचतो आणि पेन समोरच्याच्या हातात देतो. एका अर्जाला दीड तास लागतो. चार गिऱ्हाइके कंटाळून दुसऱ्या एजंटाकडे गेली; तो म्हणे वीस मिनिटांत काम उरकतो आणि पहिल्या हप्त्यात सूटही देतो.

२०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. मुलाला नोकरी लागली होती, त्याचा विमा उतरवायचा होता. मुलगा बाहेरगावी, तेव्हा अर्ज त्यांनी घरी न्यायचा, माहिती भरून ठेवायची आणि रविवारी त्याने वाचून सही करायची असे ठरले. मी पेन पुढे केले. त्यांनी पिशवीतून स्वतःचे काढले. तिथेच बसून त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. कुटुंबातल्या आजारांच्या रकान्याशी थांबल्या आणि मोठ्या, गोल अक्षरांत लिहिले: 'वडील – मधुमेह, हृदयाची शस्त्रक्रिया २०१६.' चहा निवून गेला होता.

पंधरा दिवसांनी पॉलिसी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन जिना चढत होतो, ते फिरायला निघाले होते. नेहमीप्रमाणे मी कडेला झालो. दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "काय हो, आमच्या हिचं अक्षर लागलं का तुमच्या कंपनीला?"