पाठीवरच्या फ्रिजपासून शिळांपर्यंत

‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा 1977 साली कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात पहिल्यांदा भरली, ती सीबीएस वाहिनीच्या प्रेक्षकांसाठी. लोखंडी गज वाकवणं, मोटार उचलणं, पाठीवर फ्रिज बांधून पळणं असे प्रकार त्यात होते. आदल्याच वर्षी मिस्टर ऑलिंपिया झालेला फ्रँको कोलंबू फ्रिज घेऊन पळताना कोसळला आणि त्याचा गुडघा निखळला. डोळ्यांना भव्य दिसेल ते निवडायचं, एवढंच तेव्हा आयोजकांचं धोरण दिसतं. वेटलिफ्टर ब्रूस विल्हेम पहिली दोन वर्षं जिंकला.

मग बिल काझमायर आला. पॉवरलिफ्टिंगमधून आलेल्या या अमेरिकनाने 1980 ते 82 अशी तीन वर्षं कुणाला जवळही फिरकू दिलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं त्याला आमंत्रणच गेलं नाही. जो सगळ्यांना हरवतो त्यालाच बाहेर ठेवायचं, हा या स्पर्धेच्या इतिहासातला मला सर्वांत खटकणारा भाग आहे. 1987 मध्ये मूळ स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये हंटलीच्या किल्ल्यात काझमायर, इंग्लंडचा जेफ केप्स आणि आइसलंडचा यॉन पॉल सिग्मार्सन समोरासमोर आले. यॉन पॉल जिंकला. मूळ स्पर्धेची चार विजेतेपदं मिळवणारा तो पहिला. प्रत्येक उचलीआधी गर्जना करणारा हा माणूस 1993 च्या जानेवारीत व्यायामशाळेत डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन ताठ उभं राहीपर्यंत उचलणं, करतानाच गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

1986 मध्ये स्पर्धेत आलेल्या गोल शिळांनी, म्हणजे आजच्या ॲटलस स्टोन्सनी, या स्पर्धेचा पाया बदलला, असं मी मानतो. पाच शिळा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जड, एकामागून एक उंच ओट्यांवर ठेवायच्या. शिळेला ना कडी, ना मूठ. हातांना चिकट राळ फासायची, शिळा मांड्यांवर ओढून घ्यायची, तिला कवटाळायचं आणि कमरेच्या झटक्याने छातीपर्यंत चढवायची. दंडाचे स्नायू फाटतात ते बहुधा अशाच उचलीत. तालमीत नाल उचललेल्याला यातली मेख लगेच कळेल. ही कल्पना स्टुडिओत जन्मलेली नव्हती. स्कॉटलंडमध्ये 1860 साली डोनल्ड डिनीने मिळून सुमारे 332 किलोचे दोन दगड पोटार्कच्या पुलावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेल्याची ख्याती आहे. आइसलंडमध्ये हूसाफेलचा 186 किलोचा दगड पिढ्यान्‌पिढ्या जोर आजमावायला वापरला जातो. जुन्या गावांनी पारखलेली ताकद दूरदर्शनच्या खेळात आली आणि स्पर्धेला खरं वजन मिळालं.

पुढच्या काळात माणसं आणखी मोठी होत गेली. पोलंडच्या मारियुश पुजानोव्स्कीने 2002 ते 2008 दरम्यान पाच विजेतेपदं मिळवली. तो विक्रम आहे, आणि त्याचं बळ होतं वेग. एडी हॉलने 2016 मध्ये लीड्समध्ये 500 किलोचा डेडलिफ्ट केला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला माउंटन, म्हणजे आइसलंडचा हाफथोर ब्योर्नसन, याने 2020 मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत 501 किलो उचलले. हे आकडे थक्क करणारे आहेतच. पण हा सगळा खेळ जागच्या जागी उभं राहून होतो. ओझं घेऊन चालणारा, पळणारा, ते अवघड उंचीवर चढवणारा माणूस मला जास्त बलवान वाटतो. म्हणूनच स्कॉटलंडच्या टॉम स्टॉल्टमनचं मोल मोठं. आपल्या ऑटिझमबद्दल तो मोकळेपणाने बोलतो. 2021, 2022 आणि 2024 ही तीन वर्षं त्याची. 286 किलोची शिळा त्याने आडव्या दांड्यावरून पलीकडे टाकली आहे.

या स्पर्धेचा निकाल किलोंवर लागत नाही, क्रमांकांवर लागतो. अंतिम फेरीत दहा जण. प्रत्येक प्रकारात पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक, आणि बरोबरी झाली की गुण वाटून घ्यायचे. त्यामुळे एका प्रकारात अव्वल ठरून भागत नाही. नावडत्या प्रकारातही तग धरावा लागतो. 2025 मध्ये सॅक्रामेंटोत दक्षिण आफ्रिकेचा रेनो नेल पदार्पणातच जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी, आणि त्याने स्टॉल्टमनला मागे टाकलं ते अवघ्या अर्ध्या गुणाने.