खेळाचा पट, रंगांची पेटी आणि श्रावकाचे घर

गेल्या चातुर्मासाच्या प्रारंभी आमच्या गोंदियातील घरी कुरियरने एक पेटी आली. धाकट्या चिरंजीवांनी वाढदिवसाच्या पैशांतून ती मागविली होती. पेटीत एक घडीचा पट, काही फासे, नियमांची पुस्तिका आणि अंगठ्याएवढ्या उंचीचे तीस-बत्तीस करड्या प्लास्टिकचे पुतळे होते. कुणाच्या हाती भाला, कुणाच्या हाती तलवार. "हे आपणच रंगवायचे आणि मग पटावर मांडून खेळायचे," असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. नुकतेच दुकान वाढवून आलेले बाबूजी, म्हणजे माझे वडील, जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी एक फासा उचलला, क्षणभर तळहातावर ठेवला आणि परत पेटीत टाकला. "हा आपल्या घरात चाळीस वर्षांनी आला," एवढेच ते म्हणाले.

त्या वाक्यामागची हकीकत व्यापारी घरांना अनोळखी वाटणार नाही. माझे ताऊजी दिवाळीच्या रात्री शकुनाचे म्हणून पत्ते खेळायला बसत. प्रथम सुटे पैसे, पुढे दागिने आणि एका वर्षी पेढीतील त्यांचा हिस्सा त्या सतरंजीवर गेला. त्यानंतर बाबूजींनी पत्ते, फासे, सारीपाट, सारे काही घराबाहेर काढले. आमचे बालपण कॅरमशिवाय गेले, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

आता नातवासमोर काय करावे, हा प्रश्न होता. एकीकडे घराचा जुना निर्बंध. दुसरीकडे तासन् तास मोबाइलमध्ये मान घालून बसणारा मुलगा आपणहून टेबलाशी येऊन बसू पाहत होता आणि घरातील इतरांनाही बोलावीत होता. बाबूजींनी पेटी परत पाठवा असे सांगितले नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. आज अनेक घरांत अशा पेट्या येत आहेत, म्हणून ते प्रश्न आणि त्यांची आम्हांला सापडलेली उत्तरे वाचकांपुढे ठेवीत आहे.

पणाला काय लागते?

पहिला प्रश्न द्यूताचा. सप्त व्यसनांची गणना आपल्या आचार्यांनी जुगारापासूनच सुरू केली. मद्य, मांस, चोरी यांच्याही आधी जुगार येतो. नळराजाची कथा आपल्या जैन ग्रंथकारांनी पुन्हा पुन्हा सांगितली, पांडवांची सांगितली, आणि दोन्हींत राज्य गेले ते पटावरच.

परंतु दोष सोंगटीत असतो की पणात? चिरंजीवांच्या पेटीत पण नव्हता. जिंकणाऱ्याला काही मिळत नव्हते आणि हरणाऱ्याचे काही जात नव्हते. तरीही बाबूजींनी एक अट घातली: या पटावर गंमत म्हणूनही काही लावायचे नाही. चॉकलेट नाही, 'हरेल त्याने चहा करायचा' हेही नाही. ताऊजींचा आरंभही सुट्या पैशांच्या गंमतीनेच झाला होता. ही अट आम्ही आजतागायत पाळतो.

मरते कोण?

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. अशा खेळांचा उगम पाहिला तर तो युद्धाभ्यासात सापडतो. इंग्रजी लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घरच्या जमिनीवर कशी खेळावी याचे नियम दिले. पुढे १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि १९८३ साली इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' हे खेळ आले, आणि इवले पुतळे रंगवून पटावर उतरविण्याचा छंद जगभर पसरला. रंगविणे हाच त्यातला मोठा आनंद असतो; पण पटावर गेल्यावर पुतळे एकमेकांना 'मारतात' हेही खरे.

"प्लास्टिकच तर आहे, दादाजी," चिरंजीव म्हणाला.

"बेटा, यशोधर राजाचा कोंबडा पिठाचाच होता," बाबूजींनी उत्तर दिले.

ती कथा आपल्यापैकी बहुतेकांनी व्याख्यानात ऐकली असेल. उज्जयिनीच्या यशोधर राजाला त्याची माता चंद्रमती दुःस्वप्नाच्या निवारणासाठी पशुबळी देण्याचा आग्रह करते. राजा हिंसेला नकार देतो, पण मातेचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. प्रत्यक्ष जीव कोणताच गेला नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून माता आणि पुत्र अनेक तिर्यंच योनींतून फिरतात. सोमदेवसूरींनी संस्कृतात 'यशस्तिलक' आणि पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' रचून ही कथा अमर केली. पुष्पदंतांचा हा दहाव्या शतकातला ग्रंथ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केला आणि तो १९३१ साली आपल्या विदर्भातील कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

चिरंजीव त्या दिवशी निरुत्तर झाला, मात्र दुसऱ्या दिवशी त्याने बाबूजींना विचारले, "मग बुद्धिबळातला घोडा मारलेला चालतो का? तिथेही सैन्यच आहे." प्रश्न योग्य होता. बळी देताना यशोधराच्या मनात कोंबडाच होता, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या मनात घोड्याचा प्राण नसून पुढची चाल असते, असे मी म्हणून पाहिले. बाबूजींना ते अर्धेच पटले. शेवटी असे ठरले की पुतळे रंगवायला हरकत नाही. पटावर 'मारला', 'कापला' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत, 'परत पाठवला' म्हणायचे. आणि खेळताना मनात काय येते याकडे ज्याचे त्याने लक्ष ठेवायचे. शब्द बदलल्याने भाव बदलतोच असा आमचा दावा नाही. परंतु शब्द बदलताना माणूस क्षणभर थांबतो, एवढा अनुभव आला.

वस्तू कशाची?

तिसरा प्रश्न गोंदियाकराला विशेष लागू पडणारा आहे. आपल्या गावाच्या नावाशी गोंद, म्हणजे डिंक, जोडला जातो आणि लाखेच्या व्यापाराशीही गावाचे जुने नाते आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे वसतात आणि त्यांच्या स्रावापासून लाख होते. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रसंगी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची नावे आहेत. आनंद हा मोठा व्यापारी होता, म्हणून ती यादी आपल्यासारख्यांसाठीच आहे असे समजायला हरकत नाही.

खेळांच्या वस्तूंत ही दोन्ही वाणिज्ये जुन्या काळापासून डोकावतात. श्रीमंतांच्या सोंगट्या हस्तिदंताच्या असत. सावंतवाडीचा गंजिफा हा महाराष्ट्राच्या रंगकलेचा अभिमानास्पद ठेवा आहे: दशावतारी संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने, प्रत्येक हाताने रंगविलेले. पण त्या पानांची पारंपरिक चकाकी लाखेची असते.

आजच्या रंगपेटीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. परदेशी छंदिष्टांत नावाजलेले बारीक ब्रश कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांवर तर आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. 'आयव्हरी ब्लॅक' हा काळा रंग हाडांच्या कोळशापासून करतात. 'कारमाइन' हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. शेलॅकचे वॉर्निश म्हणजे लाखच. कवडी हे समुद्री जीवाचे कवच.

या प्रत्येकाला पर्याय आहे. नायलॉनच्या केसांचा शून्य क्रमांकाचा ब्रश बारीक कामाला पुरतो. काळ्यासाठी काजळीचा रंग घ्यावा. वॉर्निश ॲक्रिलिकचे वापरावे. कवड्यांऐवजी चिंचोके फोडून घ्यावेत; अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू काळसर आणि एक पांढरी असते, सहा अर्धे टाकले की पांढरे किती आले ते मोजायचे. आपल्या आज्या असेच खेळत. कागदावर रंगवायचे असेल तर कोरड्या रंगात बाभळीचा डिंक मिसळता येतो. जुने लघुचित्रकार तोच वापरीत. गोंदियाच्या दोन जुन्या मालांपैकी लाख आम्ही बाजूला ठेवली आणि डिंक घरात घेतला.

आपला स्वतःचा पट

हे सर्व चालले असता माझ्या आईने एक आठवण काढली. तिच्या माहेरी पर्युषणात कापडावर रंगविलेला एक पट उलगडला जाई. त्यावर साप आणि शिड्या होत्या, आणि अगदी वर सिद्धशिला.

तो पट म्हणजे ज्ञानबाजी. त्यालाच ज्ञानचौपड असेही म्हणतात. जैन पटात बहुधा चौऱ्याऐंशी घरे असतात; हा आकडा पाहताच चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनी आठवतात. वैष्णव पटांत बहात्तर घरे आढळतात. मराठी मुलखातला मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला. हळूहळू घरांवरची कर्मांची आणि लोकांची नावे पुसली गेली आणि 'सापशिडी' होऊन तो आपल्याकडे परत आला. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढून टाकले आणि त्यांच्या जागी घसरगुंड्या घातल्या.

आम्ही घरीच पट रंगवायचे ठरविले. मांजरपाटाच्या तुकड्यावर खळ लावून वाळविले, त्यावर पांढऱ्या रंगाचे अस्तर दिले आणि घरे आखली. चौदा गुणस्थानांना कणा मानून बाकीची घरे चार गती, चार कषाय आणि व्रते यांची केली. रंगकामाचा अनुभव चिरंजीवाचा होता. त्याने आम्हांला शिकविले की रंगाचा जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. सापाच्या खवल्यांत गडद पातळ रंग सोडावा आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर उजळ रंग फिरवावा. सत्तरी ओलांडलेल्या बाबूजींनी चष्मा सावरून अक्षरे लिहिली.

दहाव्या घरापाशी काम थांबले. दहावे सूक्ष्मसांपराय, अकरावे उपशांतमोह, बारावे क्षीणमोह. बाबूजी म्हणाले, "अकराव्यावर साप काढ. मोठा काढ." मुलाला नवल वाटले; इतक्या उंचावर साप? तेव्हा त्यांनी समजाविले की जो मोहाला दाबून चढतो तो अकराव्यापर्यंत जातो, पण तेथून तो खाली येतोच. जो मोहाचा क्षय करीत चढतो तो दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो. त्याला अकरावे लागत नाही आणि पडणेही नाही. म्हणून दहाव्यावरून बाराव्यावर शिडी आणि अकराव्यावर साप. ग्रंथात अनेकदा वाचलेली गोष्ट त्या दिवशी मला प्रथमच डोळ्यांनी दिसली. दाबून ठेवलेला राग आणि संपलेला राग यांतला फरक सांगायला आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे उदाहरण कशाला हवे?

एक दोष मात्र चिरंजीवाने अचूक दाखविला. "यात खेळणाऱ्याला काही ठरवताच येत नाही. दान पडेल तसे जायचे. मग पुरुषार्थ कुठे?" यावर त्यानेच नियम सुचविला: प्रत्येकाने चिंचोके दोनदा टाकावेत आणि दोन दानांपैकी एक निवडावे. पडलेले दान हा कर्माचा उदय, निवड हा पुरुषार्थ. बाबूजींनी हा नियम तत्काळ मान्य केला.

श्वेतांबर पर्युषणाच्या दिवसांतच बहुधा पोळा येतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा. गल्लीतली मुले रंगविलेले लाकडी नंदी ओढीत दारोदार बोजारा मागत होती. त्याच संध्याकाळी, प्रतिक्रमणानंतर, आमच्या बैठकीत ज्ञानबाजीचा पट प्रथम उलगडला. चाळीस वर्षांनी बाबूजी पटासमोर बसले. चिंचोके टाकण्यापूर्वी ते थोडा वेळ गप्प होते. ताऊजींची आठवण त्यांना झाली असावी. कुणी काही विचारले नाही.

दुसऱ्याच डावात ते अकराव्यावर पोहोचले आणि सापाने त्यांना थेट मिथ्यात्वावर आणून सोडले. नातू हसला, मग संकोचला. बाबूजी म्हणाले, "साप मीच काढायला सांगितला होता," आणि पुन्हा चिंचोके उचलले.

त्या पेटीतले शिपाई आज रंगवून काचेच्या कपाटात उभे आहेत. चिरंजीव कधीमधी मित्रांसमवेत त्यांचा खेळ मांडतो. बाबूजी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. त्यांचे समाधान अद्याप झालेले नाही, आणि नातवालाही ते ठाऊक आहे. दोघांतला हा वाद मिटावा अशी घाई आम्ही करीत नाही. मात्र ज्ञानबाजीचा पट निघाला की दोघेही शेजारी बसतात.

येत्या पर्युषणापूर्वी ज्यांना सवड होईल त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. कुठल्या तरी ट्रंकेत असा एखादा पट घडी घालून ठेवलेला असेल. नसल्यास दोन हात मांजरपाट आणि मूठभर चिंचोके पुरे होतात.

जय जिनेंद्र.