ऊन लागले तर

बोदवड, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पेरणीपूर्वीची मशागत याच दिवसांत उरकायची असते. घाम वाळताना शरीर थंड होते. पण घामावाटे जाऊन पाणी आणि मीठ कमी पडले की गरगरते, पोटऱ्यांत गोळे येतात. अशा वेळी सावलीत झोपवून ओआरएसचे पाणी घोटघोट पाजावे. लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले तरी चालते.

उष्माघात मात्र जीवघेणा. अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर तापते, माणूस बरळतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंग कोरडेच असेल असे नाही; राबणाऱ्याला घामही असतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. १०८ला फोन करावा आणि गाडीची वाट न पाहता कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

खिशातला कांदा उष्माघात टाळतो असे मानतात, पण तो टाळत नाही. ही समजूत घातक आहे, कारण तिच्या भरवशावर माणसे भर दुपारी बाहेर पडतात. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक असतो.