वाचकांचें मत आणि समुद्रकांठचीं डबकीं

कादंबरी आवडली म्हणजे वाचक ती शेजाऱ्याला वाचावयास देतो; न आवडली तर उशाशीं ठेवून झोपीं जातो. दोन्ही प्रसंगीं कादंबरींतल्या नायिकेचें कांहीं बिघडत नाहीं. पाळीव प्राणी, मासे, पक्षी, फुलपांखरें यांवरील पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील पात्रें पुस्तकाबाहेर जिवंत असतात, आणि वाचकाचें मत त्यांच्या दारापर्यंत जाऊन पोंचतें. माशांवरचें पुस्तक मनापासून आवडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं मासे आणावयास निघतो. वाचकांचा असा कौल कोणाला कसा भोवला, याचें एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्यें सांपडतें. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें एक पुस्तक वाचकांनीं डोक्यावर घेतलें आणि दुसरें रद्दींत घातलें. नवल असें कीं, बाहेरच्या जगाचें नुकसान केलें तें डोक्यावर घेतलेल्या पुस्तकानें.

गॉसचा जन्म १८१० सालीं वूस्टर येथें झाला. बाप गांवोगांव फिरून लहान आकाराचीं व्यक्तिचित्रें रंगविणारा चित्रकार होता. घरची स्थिति बेताची. सतराव्या वर्षीं मुलाला न्यूफाउंडलंडमधील एका पेढीवर कारकुनी करण्यासाठीं समुद्रापार जावें लागलें. पुढें कॅनडांत शेती, अलाबामांत शाळामास्तरकी, जमैकांत पक्ष्यांचा शोध, अशीं वळणें त्याच्या आयुष्यानें घेतलीं. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. बापाचा कुंचला मात्र त्याच्या हातीं आला होता. १८५२ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें तो डेव्हन परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर राहावयास गेला, आणि तेथें खडकांतील डबक्यांनीं त्याला वेड लावलें.

हीं डबकीं कशीं असतात तें कोकणच्या माणसाला निराळें सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाणी खूप मागें हटतें, तेव्हां खडकांच्या खळग्यांत जें पाणी अडकून राहतें, तें म्हणजे एक लहानसा समुद्रच. त्यांत खेंकडे दडलेले असतात, झिंगे असतात, तारामासे असतात. आणि खडकाला घट्ट चिकटून, आपल्या पाकळ्या पाण्यांत पसरून बसलेलीं समुद्रफुलें असतात. फूल हें केवळ नांवाचें. त्या पाकळ्या म्हणजे त्या प्राण्याचे हात. जवळून जाणाऱ्या बारीक जीवाला नांगी मारून ते मधल्या तोंडांत ओढतात. डेव्हनच्या किनाऱ्यावर लाल, हिरव्या, नारिंगी अशा नाना रंगांचीं समुद्रफुलें गॉसला सांपडलीं. त्यांचें वर्णन त्यानें १८५३ सालीं एका पुस्तकांत केलें. त्यांतील एक जात शिजवून खाऊन पाहिल्याचा वृत्तांतही त्यांत आहे. या गृहस्थाचें कुतूहल कोठवर जाई, तें त्यावरून दिसून येतें.

परंतु खरी खळबळ उडविली ती पुढील वर्षीं, १८५४ सालीं, प्रसिद्ध झालेल्या 'दि अ‍ॅक्वेरियम' या पुस्तकानें. आज जगभर रूढ झालेला हा शब्द कांचेच्या मत्स्यपात्राला या पुस्तकानेंच जोडून दिला. तत्पूर्वीं लोक घरांत मासे ठेवीत ते गोल बरणींत. पाणी वारंवार बदलावें लागे, आणि एवढें करूनही मासे मरत. कारण उघड आहे. पाण्यांत विरलेला प्राणवायु मासा श्वासासाठीं वापरतो, आणि पाणी सांचलेलें असलें म्हणजे तो पुरेसा परत येत नाहीं. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० च्या सुमारास यावर तोड काढली. त्यानें एका पात्रांत सोनेरी मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी अशी त्रयी एकत्र ठेवली. वनस्पतीनें प्रकाशांत प्राणवायु सोडावा, माशांनीं तो घ्यावा, आणि कुजलेलीं पानें गोगलगायींनीं खाऊन पाणी स्वच्छ ठेवावें, असा हा संसार होता. आणि तो पाणी न बदलतां चालला. हाच न्याय खाऱ्या पाण्याला लावून समुद्रच दिवाणखान्यांत कसा आणावा, तें गॉसनें शिकविलें.

त्याच्या सूचना फार नेमक्या आहेत. समुद्रशेवाळ उपटून आणूं नये, कारण तें कुजतें. तें ज्या खडकावर वाढलें असेल त्याचा तुकडा छिन्नी-हातोड्यानें फोडून त्यासकट आणावें. हिरव्या जातींचें शेवाळ आधीं पात्रांत रुजूं द्यावें, मग प्राणी सोडावे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीं साधें मीठ, एप्समचें मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड गोड्या पाण्यांत विरघळवून खारें पाणी घरींच करावें. पुस्तकांत गॉसनें स्वतः काढलेलीं रंगीत चित्रें होतीं. इतकीं जिवंत चित्रें आणि इतकी सोपी कृति एका जागीं मिळाल्यावर वाचकानें स्वस्थ बसावें तरी कसें?

वाचक स्वस्थ बसला नाहीं. काळही अनुकूल होता. कांचेवरील कर १८४५ सालीं उठला होता. टॉर्कीजवळ आगगाडी १८४८ सालींच पोंचली होती. आणि १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें होतें. त्या मत्स्यगृहासाठीं प्राणी पुरविणाऱ्यांत गॉसही होता. या सर्वांवर ठिणगी टाकली ती पुस्तकानें, आणि पुस्तकाच्या परीक्षणांनीं. कादंबरीकार आणि धर्मोपदेशक चार्ल्स किंग्स्ली यानें १८५४ च्या नोव्हेंबरांत एका त्रैमासिकांत गॉसच्या पुस्तकांवर लांबलचक लेख लिहिला, आणि पुढील वर्षीं तोच वाढवून 'ग्लॉकस' नांवाचें स्वतंत्र पुस्तक काढलें. म्हणजे एका वाचकाच्या अभिप्रायाचेंच पुस्तक झालें, आणि तेंही खपलें. नेचे गोळा करण्याचें जें खूळ तेव्हां तरुण मुलींत शिरलें होतें, त्याला नांव देण्याचा मान याच 'ग्लॉकस'कडे जातो. तो छंद रिकामपणाच्या कादंबऱ्यांपेक्षां आणि भरतकामापेक्षां पुष्कळ बरा, असें किंग्स्लीचें मत होतें. निसर्गाचा अभ्यास शरीराला, बुद्धीला आणि धर्मभावनेला सारखाच पोषक आहे, हा त्याचा सांगावा मध्यमवर्गीय घरांना मनापासून पटला.

मग किनाऱ्यांवर माणसें लोटूं लागलीं. १८५५ च्या उन्हाळ्यांत इल्फ्राकूम येथें गॉसनें स्त्रीपुरुषांचा एक वर्गच चालविला; सकाळीं ओहोटीला डबक्यांत शोध, मग जमविलेल्या प्राण्यांची ओळख, असा त्याचा क्रम असे. ज्यांना किनाऱ्यावर जाणें जमत नसे त्यांच्यासाठीं व्यापार उभा राहिला. पूर्वीं पुस्तकबांधणीचें काम करणारा विल्यम आल्फर्ड लॉइड यानें रीजंट्स पार्कजवळ दुकान थाटलें. तेथें पात्रें, समुद्राचें पाणी आणि जिवंत समुद्रफुलें विकत मिळत. १८५८ सालीं त्यानें या सर्व मालाची किंमतींसह यादी छापली.

घराघरांतून त्या प्राण्यांचें पुढें काय झालें, याची कल्पना आजही ज्याच्या घरीं मत्स्यपात्र आहे त्याला करतां येईल. पात्र शोभेसाठीं खिडकींत ठेवलें कीं दुपारच्या उन्हानें पाणी तापतें. चार प्राण्यांच्या जागीं चाळीस ठेवले कीं प्राणवायु पुरत नाहीं. एक शिंपला कोपऱ्यांत मरून पडला कीं दोन दिवसांत सगळें पाणी नासतें. हौशी वाचकाला हा अनुभव आला म्हणजे तो पात्र रिकामें करी. आणि उत्साह टिकून असेल तर पुन्हा किनाऱ्याची वाट धरी. पहिल्या तुकडीच्या मरणानें दुसऱ्या तुकडीची मागणी उत्पन्न होई.

वास्तविक समुद्रफूल हें अल्पायुषी नव्हे. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश गृहस्थानें १८२८ सालीं नॉर्थ बेरिक येथून एक लाल समुद्रफूल आणून कांचेच्या बरणींत ठेवलें. त्याच्यामागें तें हस्तांतर होत एडिंबरांतच राहिलें. त्याला शेंकडों पिलें झालीं, आणि लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणूं लागले. १८८७ सालीं ही आजीबाई वारली, तेव्हां तिला बरणींत येऊन एकोणसाठ वर्षें झालीं होतीं. तिची बडदास्त साधीच होती. ताजें समुद्राचें पाणी नियमानें मिळे आणि अधूनमधून थोडें अन्न. जो प्राणी नीट राखला तर माणसाइतका जगूं शकतो, तो दिवाणखान्यांत आठवड्याभरांत मरूं लागला, तर खडकावर त्याची जागा तितक्या वेगानें भरून कशी निघावी?

या लोकप्रियतेच्या ऐन भरांत गॉसनें दुसरें पुस्तक लिहिलें. १८५७ च्या फेब्रुवारींत त्याची पत्नी एमिली कर्करोगानें वारली, आणि त्याच वर्षीं 'ऑम्फॅलॉस' प्रसिद्ध झालें. ऑम्फॅलॉस म्हणजे ग्रीक भाषेंत बेंबी. गॉस बायबलचा शब्दन् शब्द खरा मानणाऱ्या पंथाचा होता. उलट भूगर्भशास्त्र पृथ्वीचें वय अफाट सांगत होतें. दोहोंचा मेळ घालण्यासाठीं त्यानें युक्तिवाद काढला तो असा: आदम कोणाच्या पोटीं जन्मला नाहीं, तरी त्याला बेंबी असलीच पाहिजे, नव्यानें निर्मिलेल्या झाडाच्या खोडांतही वर्षांचीं वलयें असलींच पाहिजेत, त्याचप्रमाणें पृथ्वीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा घेऊनच निर्माण झाली, आणि खडकांतील जीवाश्म त्यांपैकींच होत. या युक्तिवादाला तर्कानें छेद देतां येत नाहीं. पण त्यापासून कांहीं शिकतांही येत नाहीं. शास्त्रज्ञांनीं त्याची हेटाळणी केली. धार्मिक वाचकांनाही तो रुचला नाहीं, कारण त्यानें ईश्वरच खोटा साक्षीदार ठरत होता. ज्या किंग्स्लीनें गॉसला इतकें उचलून धरलें होतें, त्यानेंच त्याला पत्रानें कळविलें कीं, ईश्वरानें खडकांवर एवढें मोठें असत्य लिहिलें असेल यावर आपला विश्वास बसत नाहीं. पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती रद्दींत गेल्या.

येथें वाचकांनीं दिलेला निर्णय योग्यच होता, आणि तो विचारपूर्वक दिलेला होता. 'ऑम्फॅलॉस' वाचतांना त्यांनीं प्रश्न विचारला, कीं हें खरें मानलें तर पुढें काय ओढवेल? 'दि अ‍ॅक्वेरियम' आवडतांना हा प्रश्न त्यांना सुचला नाहीं. चित्रें सुंदर, भाषा रसाळ, हेतु पवित्र. मग मत देण्यास आणखी काय हवें? त्या सुंदर चित्रांतील प्राणी मोजकेच आहेत, हें पुस्तकांत कोठें छापलेलें नव्हतें. गॉस स्वतः निर्दय नव्हता, आणि किनाऱ्याविषयीं त्याची भावना जवळजवळ देवळाविषयीं असावी तशी होती. परंतु एका माणसाच्या छिन्नीनें जें होत नाहीं तें हजारोंच्या छिन्न्यांनीं होतें, हा साधा गुणाकार त्यानेंही आधीं केलेला दिसत नाहीं.

तो गुणाकार मांडला त्याच्या मुलानें. एडमंड गॉस याचा जन्म १८४९ चा. आई वारल्यावर तो बापाबरोबर सेंट मेरीचर्च येथें राही आणि त्याच्याबरोबर खडकांत हिंडे. १९०७ सालीं, प्रथम निनांवी, प्रसिद्ध केलेल्या 'फादर अँड सन' या आत्मचरित्रांत त्यानें त्या डबक्यांचें वर्णन केलें आहे, आणि पुढें स्पष्ट लिहिलें आहे कीं, आपण बाळपणीं पाहिलें तें इंग्लंडच्या किनाऱ्यावर आतां कोणाला दिसावयाचें नाहीं. संग्राहकांची फौज तेथून फिरून गेली. या अनर्थाला आपलींच लोकप्रिय पुस्तकें कारण झालीं, ही जाणीव बापाला झाली आणि तिनें त्याला फार क्लेश दिले, असेंही तो सांगतो. पन्नास वर्षांपूर्वींची बाळपणची आठवण सांगतांना रंग थोडा गडद होतो, आणि भरतीचें पाणी नवे जीव आणून सोडीतच असतें, म्हणून मुलाचें विधान शब्दशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु सावकाश वाढणारे व वर्षानुवर्षें एका जागीं बसणारे जे जीव, त्यांच्यापुरतें तें बरेंचसें खरें असावें.

छंदाची लाट दहा-बारा वर्षांत ओसरली. पात्रें माळ्यावर गेलीं. भारतांत हा धडा पुढें कायद्यानें अंशतः गिरविला गेला: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं प्रवाळांना २००१ सालीं सर्वांत कडक संरक्षण मिळालें. मुंबईंत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नांवाचा नागरिकांचा एक गट हाजीअली, गिरगांव अशा ठिकाणीं लोकांना ओहोटीच्या वेळीं खडकांत नेऊं लागला. गॉसच्या इल्फ्राकूमच्या वर्गासारखाच हा उद्योग. मात्र येथें प्राण्याचें छायाचित्र घ्यावयाचें, नांव शोधावयाचें आणि प्राणी होता तेथेंच ठेवावयाचा. उचलून पाहिलेला दगडही पूर्वींच्याच कुशीवर परत ठेवावा लागतो, कारण त्याच्या खालच्या बाजूस चिकटलेले जीव उन्हांत पडले तर मरतात.